बॉट नंतर बनवा, आधी जीआरचा मजकूर नीट द्या

सध्या ज्याला त्याला स्वतःचा चॅटबॉट हवाय. महापालिकेला हवाय, विद्यापीठाला हवाय, जिल्हा परिषदेला हवाय, आणि ज्यांच्या वेबसाइटवर अजून मागच्या आयुक्तांचा फोटो आहे त्यांनाही हवाय. मागणी सगळ्यांची एकच असते, आमच्याकडचे सगळे कागद त्यात टाका, लोकांनी मराठीत विचारलं की मराठीत उत्तर आलं पाहिजे, झालं. २०२५ च्या फेब्रुवारीत राज्य सरकारनं मेटाबरोबर व्हॉट्सॲपवर 'आपले सरकार' आणायचं जाहीर केलं तेव्हापासून तर हे लोण खालपर्यंत पोचलंय.

मी स्वतः असल्या सिस्टिम लावून देतो, त्यामुळे हे तंत्रच नको असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. उलट नीट लावलं तर फार कामाचं आहे. पण सरकारी ऑफिसांनी यात पैसे घालायचे असतील तर ते बॉटवर नाही, कागदांवर घालावेत, म्हणजे जीआर, नियम, परिपत्रकं यांचा स्वच्छ मजकूर तयार करावा, कोणता कागद चालू आणि कोणता रद्द हे त्यावर नोंदवावं आणि ते सगळं लोकांना मोकळं करावं. बॉट मग कुणीही बनवेल, कॉलेजची पोरं पण बनवतील. आत्ता चाललंय ते बरोबर उलटं, बॉटचं टेंडर निघतं आणि कागद तसेच राहतात.

हे का म्हणतो ते कळायला आत काय चालतं ते थोडं बघावं लागेल. आपल्या कागदांवर चालणारा बॉट म्हणजे त्याच्या आतल्या मॉडेलला, म्हणजे उत्तर लिहिणाऱ्या एआयला, आपले कागद 'शिकवलेले' असतात असा बऱ्याच जणांचा समज असतो. तसं काही नसतं. २०२० मध्ये फेसबुकच्या संशोधकांनी 'रॅग' या नावाचा पेपर लिहिला तेव्हापासून साधारण पद्धत ही: कागदांचे छोटे छोटे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याच्या अर्थाचं आकड्यांच्या एका लांबलचक ओळीत रूपांतर करायचं, ते डेटाबेसमध्ये ठेवायचं. कुणी प्रश्न विचारला की त्या प्रश्नाचंही तसंच रूपांतर करायचं, सगळ्यात जवळचे पाच-दहा तुकडे उचलायचे, आणि मॉडेलला सांगायचं की बाबा हे तुकडे वाच आणि फक्त यातलंच सांग. म्हणजे बॉट किती हुशार हा प्रश्न नंतरचा, त्याच्यापुढे कोणता तुकडा ठेवला गेला यावर निम्म्याहून जास्त खेळ असतो. चुकीचा तुकडा पुढे गेला की मॉडेल तो तितक्याच आत्मविश्वासानं, छान शुद्ध मराठीत सांगतं.

आता आपले कागद बघू. शासनाच्या वेबसाइटवरचा कुठलाही एक जीआर डाउनलोड करा, पीडीएफ उघडा, पहिल्या पानावरचा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. स्क्रीनवर 'शासन निर्णय' दिसत असतं, नोटपॅडमध्ये बऱ्याचदा 'शासन ननणणय' येतं. 'महाराष्ट्र शासन'चं 'महाराष्र शासन' होतं, 'दिनांक'चा 'नदनाांक' होतो, आणि मंत्रालयाच्या पत्त्यातला मादाम कामा मार्ग 'मादाम कामा मागण' होतो. गंमत नाही, गूगलवर 'शासन ननणणय' टाकून बघा, खऱ्याखुऱ्या जीआरच्या लिंका निघतात. कारण पीडीएफमध्ये अक्षरं नसतात, अक्षरांचे आकार असतात, आणि कोणता आकार म्हणजे कोणतं अक्षर हा तक्ता फाइल बनवतानाच चुकलेला असतो, पहिली वेलांटी आणि रफार यांची तर वाटच लागते. माणसाला दिसायला कागद एकदम ठणठणीत, शेवटी डिजिटल सहीसुद्धा आहे, आणि मशीनला वाचायला दिला की हा प्रकार.

मॉडेल तसं चलाख असतं, 'ननणणय' म्हणजे निर्णय हे ते ओळखतं. पण तुकडा त्याच्यापर्यंत पोचला तर ना. शोधण्याचं काम मॉडेल करत नाही, त्याच्या आधीची पायरी करते, आणि तिथे 'मार्ग' शोधणाऱ्याला 'मागण' सापडत नाही. मग उपाय काय, तर कंप्युटरवर टाइप झालेल्या, डिजिटल सही असलेल्या पीडीएफचं पान न् पान पुन्हा फोटोसारखं करायचं आणि त्यावर ओसीआर, म्हणजे फोटोतली अक्षरं वाचणारं सॉफ्टवेअर, चालवायचं, जणू काही तो १९७० सालचा झेरॉक्स आहे. टेसरॅक्ट नावाच्या ओसीआरमध्ये मराठी आहे, फुकट आहे, स्वच्छ पानावर बरं चालतं. पण हे काम प्रत्येक ठेकेदार, प्रत्येक स्टार्टअप, प्रत्येक विद्यार्थी आपापलं वेगळं करणार, आणि प्रत्येकाच्या चुका वेगळ्या. मूळ फाइल वर्डमध्ये त्या कक्ष अधिकाऱ्याच्या मशीनवर पडलेली असते हो! ती द्या ना.

हे नव्या कागदांचं झालं. जुन्यांत श्रीलिपी आणि सुरेख या जुन्या फॉन्टचा जमाना येतो, त्या फाइली तो फॉन्ट नसला की नुसती रोमन अक्षरांची भेळ दिसते. त्याच्याही आधीचे सायक्लोस्टाइल, त्यांचे स्कॅन, पुसट पानावर १ चा ९ वाचला जातो आणि कलम १४ चं कलम ९४ होतं.

समजा हे सगळं निस्तरलं. तरी जीआर हा कागदच असा बांधलेला असतो की तुकडे करणाऱ्याच्या नाकी नऊ येतात. वर 'वाचा' किंवा 'संदर्भ' म्हणून आधीच्या पाच-सहा जीआरची यादी, मग प्रस्तावना, मग शासन निर्णय, मग 'सदर शासन निर्णय महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध करण्यात आला असून' हा ठरलेला परिच्छेद, मग 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने', आणि मग 'प्रत', राज्यपालांचे सचिव, मुख्यमंत्र्यांचे प्रधान सचिव, महालेखापाल, सर्व विभागीय आयुक्त, सर्व जिल्हाधिकारी, निवडनस्ती. हे असंच्या असं डेटाबेसमध्ये ओतलं की काय होतं, कुणी विचारतं 'जिल्हाधिकाऱ्यांना यात काय अधिकार आहेत' आणि सिस्टिम दहा वेगवेगळ्या जीआरची 'प्रत'ची पानं उचलून आणते, कारण जिल्हाधिकारी हा शब्द सगळ्यात दाटीनं तिथेच असतो. ठेकेदाराला जीआर वाचायची सवय नसते, त्यामुळे त्याला ही पानं वगळायची असतात हेच माहीत नसतं. आणि वाक्यं तर बघायलाच नको, 'तथापि'नं सुरू झालेलं वाक्य अर्धं पान चालतं आणि त्याचा जीव शेवटच्या 'लागू राहणार नाही'मध्ये असतो. तुकडा पाचशे टोकनवर (टोकन म्हणजे मॉडेल ज्यात मजकूर मोजतं तो शब्दाचा बारका तुकडा) कापला, 'नाही' पुढच्या तुकड्यात गेलं, संपला विषय. इंग्रजीत पाचशे टोकनमध्ये जेवढा मजकूर बसतो तेवढा देवनागरीत बऱ्याच मॉडेलांमध्ये बसत नाही, त्यामुळे इंग्रजी यूट्यूब व्हिडिओ बघून आकडा जसाच्या तसा घेतला की मराठी वाक्य हमखास मधेच तुटतं.

पण माझ्या मते खरा घोळ याच्याही पुढे आहे, आणि त्याला तंत्रज्ञानात उत्तर नाही. सारखेपणा म्हणजे वैधता नव्हे. सिस्टिम शोधते ती प्रश्नासारखा दिसणारा तुकडा. तो तुकडा आज लागू आहे का, हे तिला कळायला काही मार्गच नाही. 'संदर्भ क्र. ३ येथील शासन निर्णय या आदेशान्वये अधिक्रमित करण्यात येत आहे' असं वाक्य नव्या जीआरमध्ये असतं, पण जुन्या जीआरच्या पीडीएफवर 'मी आता मेलो' असं कुणी लिहीत नाही, तो जुना कागद वेबसाइटवर तसाच टवटवीत बसलेला असतो. वर शुद्धिपत्रकं वेगळी, ज्यात फक्त एवढंच असतं की परिच्छेद ४ मधील अमुक ऐवजी तमुक वाचावे. ते शुद्धिपत्रक एकटं वाचून माणसालाही काही कळत नाही, मशीनला काय डोंबल कळणार.

हाऊसिंग सोसायटीचं उदाहरण घेऊ, म्हणजे सगळ्यांना पटेल. फ्लॅट भाड्यानं दिला तर सोसायटी जास्तीचे पैसे किती घेऊ शकते? १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशानं हे बांधून टाकलंय, सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नाही. म्हणजे सेवाशुल्क महिना ३००० असेल तर हे जास्तीचे पैसे, म्हणजे बिनभोगवटा शुल्क, जास्तीत जास्त ३००. आता समजा एका जुन्या सोसायटीनं आपलं दप्तर बॉटमध्ये टाकलं. त्यात १९९० च्या दशकातले छापील उपविधी, १९९८ च्या सर्वसाधारण सभेचा ठराव की भाड्यानं दिल्यास दर चौरस फुटाला अमुक रुपये, आणि २००१ चा आदेश, तिन्ही आहेत. सभासद विचारतो, 'फ्लॅट भाड्यानं दिला तर किती पैसे भरायचे?' यातला सगळ्यात जवळचा तुकडा कोणता? अर्थातच तो ठराव, कारण तो सभासदांच्याच भाषेत लिहिलाय, फ्लॅट, भाडं, पैसे. सरकारी आदेशात सदनिका, बिनभोगवटा शुल्क, सेवाशुल्क असले शब्द. म्हणजे जो कागद मेलाय तोच सगळ्यात वर येतो. आणि बॉट सभासदाला म्हणतो, चौरस फुटानं भरा!

ऑफिसातला जुना हेडक्लार्क या ठिकाणी काय करायचा, तर कपाटातून फाइल काढतानाच सांगायचा, "साहेब, हे २००१ ला गेलं, हे बघू नका." त्याच्या डोक्यात जे होतं ते कागदावर कधी उतरलंच नाही, तो रिटायर झाला आणि आता आपण त्या कपाटातले सगळे कागद सरसकट मशीनच्या पोटात ढकलतोय आणि म्हणतोय, सांग बरं.

बाहेर काय झालं तेही बघण्यासारखं आहे. न्यूयॉर्क शहरानं २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये छोट्या धंदेवाल्यांसाठी असाच एक बॉट आणला, मायक्रोसॉफ्टच्या तंत्रावर, शहराच्या स्वतःच्या पानांवर आधारलेला. २०२४ च्या मार्चमध्ये द मार्कअपच्या पत्रकारांनी त्याला साधे प्रश्न विचारले. तो म्हणाला, मालक नोकरांच्या टिपमधले पैसे घेऊ शकतो, दुकानदार रोख पैसे नाकारू शकतो. दोन्ही त्या शहरात बेकायदेशीर. महापौरांचं म्हणणं पडलं की सुरुवातीला चुका होणारच, वापरातूनच सुधारणा होते, आणि बॉट चालूच राहिला, फक्त खाली इशारा लिहिला की यातल्या उत्तराला कायदेशीर सल्ला समजू नका. मग समजायचं तरी काय?

आणि कॅनडातली केस तर यात काम करणाऱ्या प्रत्येकानं भिंतीवर लावावी अशी आहे. एका प्रवाशाची आजी वारली, त्यानं एअर कॅनडाच्या बॉटला विचारलं की अशा प्रसंगी तिकिटात सवलत कशी मिळते, बॉट म्हणाला आधी तिकीट काढा, ९० दिवसांच्या आत अर्ज करा. कंपनीचा खरा नियम उलटा होता, प्रवास झाल्यावर अर्ज चालत नाही. प्रकरण ब्रिटिश कोलंबियाच्या लवादापुढे गेलं, तिथे कंपनीचा एक युक्तिवाद असा होता की बॉट हा जणू वेगळाच कुणीतरी आहे आणि त्याच्या बोलण्याला आम्ही जबाबदार नाही. लवादानं २०२४ च्या फेब्रुवारीत तो उडवून लावला आणि पैसे द्यायला लावले. पण मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. बॉटनं त्या उत्तरात कंपनीच्या नियमाच्या पानाची लिंक दिलेली होती! लिंक बरोबर, उत्तर चूक. त्यामुळे 'आमचा बॉट सोर्स दाखवतो' असं कुणी प्रेझेंटेशनमध्ये म्हणालं की लगेच भुलू नका. लिंक कुणी उघडत नाही. दाखवायचं असेल तर त्या कागदातलं मूळ वाक्य, जसंच्या तसं, तारीख आणि क्रमांकासकट, उत्तराच्या वर दाखवा, आणि बॉटचं स्वतःचं निरूपण त्याच्या खाली.

स्टॅनफर्डच्या लोकांनी २०२४ मध्ये वकिलांसाठीची महागडी टूल्स तपासली, ज्यांच्यामागे अमेरिकेतल्या नामांकित कायदा-प्रकाशन कंपन्या आहेत, ज्यांच्याकडे निकाल कोणता जिवंत कोणता मेलेला याची नोंद ठेवायची परंपरा पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. तरी तिथेही १७ ते ३३ टक्के उत्तरांत काही ना काही कपोलकल्पित निघालं. ज्यांचे कागद इतके शिस्तीत आहेत त्यांची ही गत, तर 'ननणणय'वाल्यांनी किती अपेक्षा ठेवायची ते ठरवा.

आता यावर जो आक्षेप येतो तो मी हलक्यात घेत नाही. लोक म्हणतात, तुम्ही कागद नीट होईपर्यंत थांबा म्हणताय, म्हणजे कधीच नाही. आज शेतकऱ्याला योजनेसाठी कोणते कागद लागतात हे विचारायला तालुक्याला हेलपाटे मारावे लागतात, टेबलावर कुणी नीट बोलत नाही, एजंट पैसे घेतो आणि तोही चुकीचंच सांगतो. त्यापेक्षा दहातली आठ उत्तरं बरोबर देणारा बॉट काय वाईट? खरं आहे, एजंटपेक्षा बरा. पण एजंटवर माणूस आधीच अर्धा विश्वास ठेवतो, चार ठिकाणी विचारून बघतो. सरकारी बोधचिन्ह लावलेल्या बॉटवर तो पूर्ण विश्वास ठेवणार, आणि त्या दोन चुकीच्या उत्तरांपायी मुदत गेली तर तहसीलदार म्हणणार, 'बॉट काय म्हणाला ते आम्हाला माहीत नाही, जीआर बघा.'

शिवाय थांबायची गरजच नाहीये. लाखभर जीआर एकदम घेऊ नका. एक विषय घ्या, समजा एकाच योजनेचे वीस-पंचवीस कागद, त्या विषयातला एक माणूस बसवा जो सांगेल की यातले सात चालू आहेत आणि बाकीचे बाहेर काढा. एवढा लहान ढीग असला की मशीनही फार मोठं लागत नाही, ओलामा नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाकून एखादं छोटं मॉडेल ऑफिसातल्या बऱ्यापैकी कंप्युटरवर चालतं, बाहेर काही पाठवावं लागत नाही. शोधताना नुसत्या अर्थावर विसंबू नका, शब्दावरचा जुना शोधही सोबत ठेवा, कारण 'कलम ७९अ' सारखी गोष्ट अर्थानं सापडत नाही, शब्दानंच सापडते. आणि मराठीत शब्दावर शोधायचं तर 'घर' टाकल्यावर 'घराला', 'घरासाठी' पण आलं पाहिजे, ही सोय आयती मिळेलच असं नाही, बघून घ्यावी लागते. पुण्याच्या एलथ्रीक्यूब ग्रुपनं मराठीसाठी मॉडेलं मोकळी करून ठेवलीत, ती आधी तपासा, मग परदेशी महागडं घ्यायचं का ते ठरवा. बाकी कोणतं मॉडेल, कोणता डेटाबेस यावर तासन्‌तास वाद घालतात लोक, मला त्यात फारसा रस नाही, सहा महिन्यांत सगळं बदलतं. कागदांची यादी बदलत नाही.

आणि एक, बॉटला 'दिलेल्या कागदांत याचं उत्तर नाही' हे म्हणता आलं पाहिजे. हे सांगायला सोपं आणि करवून घ्यायला कटकटीचं आहे, कारण डेमोमध्ये साहेबांनी विचारलं आणि बॉट 'माहीत नाही' म्हणाला की ठेकेदाराचं तोंड पडतं, त्यामुळे ठेकेदार तो पेच सैल करून ठेवतो. टेस्ट करताना मी मुद्दाम कागदात नसलेलेच प्रश्न जास्त विचारतो.

वैयक्तिक माहितीचं तर विचारू नका. 'सगळे कागद टाका' म्हणजे सभासदांचे आधार, थकबाकीदारांच्या याद्या, तक्रारअर्जातली नावं, फोन नंबर, सगळं आलं. एकदा तुकडे होऊन डेटाबेसमध्ये मिसळलं की कुणी विचारेल त्याला मिळतं, जोपर्यंत कोण काय बघू शकतो हे शोधायच्या पायरीवरच अडवलेलं नाही तोपर्यंत. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आहे, पण त्याची आठवण टेंडर लिहिताना होते का, मला शंका आहे.

मुळात कागद नीट ठेवा हे मी नवीन काही सांगत नाहीये. माहिती अधिकार कायदा २००५ चा, त्याच्या कलम ४ च्या पहिल्याच पोटकलमात लिहिलंय की प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणानं आपले सगळे अभिलेख सूचीबद्ध आणि निर्देशांकित करून ठेवावेत आणि शक्य ते संगणकावर आणावेत. १७ मुद्द्यांची माहिती आपण होऊन जाहीर करायची ती तरतूद सगळ्यांना पाठ आहे, तिच्या आधीची ही ओळ कुणी वाचत नाही. वीस वर्षं होऊन गेली. ती पाळली असती तर आज बॉट बनवणं हे पंधरा दिवसांचं काम असतं.

म्हणून माझी मागणी बॉटची नाही. प्रत्येक जीआरसोबत, पीडीएफच्या शेजारी, त्याचा साधा युनिकोड मजकूर टाका. त्याच्या संकेतांकासमोर दोन रकाने भरा, यानं कोणता जीआर अधिक्रमित केला आणि याला पुढे कोणत्या जीआरनं अधिक्रमित केलं (हा दुसरा रकाना नवा जीआर निघेल तेव्हा जुन्यासमोर भरायचा). हे भरायला एआय लागत नाही, जो कक्ष अधिकारी जीआर काढतो त्याला ते त्या क्षणी माहीत असतं, कारण 'वाचा'ची यादी त्यानंच टाइप केलेली असते. आजपासून निघणाऱ्या जीआरपासून सुरू करा, जुन्यांचं मागून करा, विद्यापीठांना वाटून द्या. एवढं झालं की सरकारचा बॉट, वर्तमानपत्राचा बॉट, शिक्षक संघटनेचा बॉट, सगळे एकाच मजकुरावर चालतील आणि एकाची चूक दुसऱ्याला पकडता येईल. आत्ता तो मजकूर ज्या ठेकेदारानं साफ केला त्याच्याकडेच राहतो, करार संपला की तोही गेला, आणि पुढचा ठेकेदार पुन्हा 'ननणणय'पासून सुरुवात करतो.

आणि तोपर्यंत तुमच्या महापालिकेनं किंवा विभागानं बॉट आणलाच, तर दहा रुपयांचं तिकीट लावून एक माहिती अर्ज टाकून ठेवा: बॉटमध्ये कोणकोणते कागद घातले त्यांची तारीखवार यादी द्या, शेवटचा कागद कधी घातला ते सांगा, आणि बॉटनं दिलेल्या उत्तराला जबाबदार अधिकारी कोण, त्यांचं पदनाम द्या. उत्तराला ३० दिवस आहेत.